महादूतांचे दोन शब्द

त्या मुलखात तेव्हा शांतता सोडून बाकी सगळं मुबलक होतं. ऊन होतं, चिखल होता, किडे होते, आणि पुढारी तर ढिगानं होते.

मुलखाच्या वरच्या अंगाला कोंबड्यांचं राज्य होतं, कोरडपूर. खालच्या अंगाला, तळ्याच्या काठानं, बदकांचं राज्य होतं, ओलपूर. दोन्हींच्या बरोबर मध्ये एक टेकडी. कोरडपूरच्या शाळांत तिला सुवर्णटेकडी म्हणत आणि ओलपूरच्या शाळांत मातृटेकडी. वारा फिरला की ती खरोखर काय आहे ते दोन्ही राज्यांना एकदमच कळायचं, पण त्याविषयी बोलायची पद्धत नव्हती. तो उकिरडा होता.

भांडण त्या उकिरड्यावरूनच पेटलं होतं. कोरडपूरचं म्हणणं, हा आमच्या पूर्वजांनी उकरला. ओलपूरचं म्हणणं, उकरलात ते कबूल, पण घातला कुणी? दोन्ही बाजूंकडे भरपूर पुरावे होते. आणि पुरावे कमी पडतील असं वाटलं, की दोन्हीकडचे इतिहासतज्ज्ञ सकाळी सकाळी टेकडीवर जाऊन थोडे ताजे ठेवून येत.

युद्धही चालू होतं. पण कोंबड्यांना पोहता येईना आणि बदकांना पळता येईना, त्यामुळे ते जरा अवघडलेलंच होतं. कोरडपूरचे कोंबडे भल्या पहाटे तळ्याकडे तोंड करून एका सुरात आरवत, म्हणजे ओलपूरची झोप मोडे. ओलपूरची बदकं संध्याकाळी काठावर ओळीनं उभी राहून पंखांनी चिखल उडवत, म्हणजे कोरडपूरचा पांढरा रंग मळे. मग दोन्हीकडे विजयोत्सव होई. कोरडपूरचे प्रमुख तुरेराव आरवे तुरा ताठ करून छाती काढत. ओलपूरचे प्रमुख फेंगडोजी पाणतोंडे गळ्यात शिंपल्याचं पदक घालून डुलत डुलत फेरी मारत. ते युद्ध नसतानाही तसेच डुलत, तो भाग वेगळा.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी न्यायची नव्हती.

बदकीण अंडं घालते आणि पोहायला निघून जाते. त्यात तिचा दोष नाही. बसून राहायचं म्हणजे काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. म्हणून जुन्या काळापासून असा रिवाज होता, की ओलपूरची अंडी ढकलत ढकलत वर कोरडपूरला आणायची आणि कोंबड्यांनी त्यांच्यावर बसायचं. ह्या बसण्याला तिकडे रवण म्हणत. बदल्यात बदकं कोरडपूरची राखण करत, कारण त्यांची झोप सावध. मुंगूस कुंपणाशी आलं, की आधी बदकं बोंब मारत आणि मग कोंबड्या जाग्या होत.

भांडण झालं तसा हा रिवाज मोडला. आधी रिवाज मोडला, मग पुस्तकातून काढला. ओलपूरची पोरं विचारत, आपण कुठून आलो? मास्तर सांगत, तळ्यातून. कोरडपूरची पोरं विचारत, मुंगूस का येत नव्हतं? मास्तर सांगत, आपल्या शौर्याला घाबरून. खुद्द फेंगडोजी कोणत्या कोंबडीच्या पोटाखाली फुटले, हे सगळ्या ओलपूरला माहीत होतं आणि कुणालाच आठवत नव्हतं.

तर रिवाज मोडला तेव्हा रवणावर एकच कोंबडी बसलेली होती. तिचं नाव चितरी. अंगावर काळे-पांढरे ठिपके, जिभेला धार. ती बसली होती थेट उकिरड्याच्या माथ्यावर, कारण थंडीच्या दिवसांत उकिरड्याचं पोट आतून गरम असतं आणि असल्या गोष्टी कोंबडीला शिकवाव्या लागत नाहीत. तिच्याखाली ओलपूरची अंडी होती. शेवटची. ती गार पडली असती, तर ओलपुरात पुन्हा पिल्लू दिसलं नसतं. चितरीला राज्याबिज्याचं काही पडलं नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं, की अर्ध्यात उठायचं नाही.

अशा वेळी थंडीबरोबर महादूत आले.

महादूत म्हणजे करकोचा. राखी अंगरखा, काळा गळपट्टा, डोळ्यांच्या मागे पांढरी झुलपं. उत्तरेकडच्या एका मोठ्या सरोवराचे ते महादूत होते, आणि दरसाल कुठे ना कुठे शांतता करून येत. ती त्यांची पाठ वळेपर्यंत टिके. त्यांचं सगळं आयुष्य दौऱ्यावर गेलं होतं. त्यांच्या घरच्या अंड्यांवर त्यांच्या बायकोनं एकटीनं रवण केलं. हे तेव्हा दोन तळ्यांमध्ये मध्यस्थी करत होते.

तिकडची रीत अशी, की कुठलीही बोलणी झाली की महादूतांनी बाहेर येऊन दोन शब्द बोलायचे. ते ऐकायला साळुंक्या जमत. साळुंक्यांचं काम एकच, इकडचं तिकडे नेणं. त्यांच्या म्होरक्या होत्या कलकलेबाई. दोन शब्दांतून तिसरा काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिली बोलणी कोरडपूरला झाली. महादूत एका पालथ्या डालग्यावर चढले, एक पाय पोटाशी घेतला आणि म्हणाले, "चर्चा अत्यंत मोकळ्या वातावरणात झाली. मतभेद आहेत. परंतु मतभेद आहेत याबाबत आमचं पूर्ण एकमत झालं, ही फार मोठी गोष्ट आहे."

टाळ्या झाल्या. मग त्यांनी पाहुणचाराचे आभार मानले. तुरेरावांनी त्यांना निवडक अळ्या वाढल्या होत्या. महादूत म्हणाले, "अशी चव मी अन्यत्र कुठेही चाखलेली नाही."

तिथून ते ओलपूरला गेले. तळ्यातल्या धोंड्यावर उभं राहून त्यांनी तेच मतभेद आणि तेच एकमत सांगितलं. फेंगडोजींनी त्यांना शेवाळात मुरवलेल्या गोगलगायी दिल्या होत्या. महादूत म्हणाले, "अशी चव मी अन्यत्र कुठेही चाखलेली नाही."

साळुंक्या भुर्रकन उडाल्या. कोरडपूर संतापलं. कालच्या अळ्या काय मग बेचव होत्या? ओलपूरही संतापलं, कारण हे वाक्य शिळं निघालं होतं. त्या पहाटे आरवणं दुप्पट झालं आणि त्या संध्याकाळी चिखल पार कोरडपूरच्या शाळेपर्यंत गेला.

महादूत घाईनं परत आले आणि डालग्यावर चढून त्यांनी खुलासा केला, "दोन्हीकडची चव अगदी सारखीच आहे."

यावर तुरेराव तीन उड्या मारून खाली पडले. ओलपुरात फेंगडोजींनी पदक काढून पाण्यात फेकलं, आणि मग बुडी मारून शोधून आणलं. आमची गोगलगाय आणि त्यांची अळी सारखी?

तेव्हा महादूतांनी तिसरा खुलासा केला, की चवीविषयी त्यांना काहीही म्हणायचं नाही. हा अपमान दोन्ही राज्यांना सर्वांत जास्त झोंबला.

पुढे साळुंक्यांचं लक्ष पायांकडे गेलं. करकोचा एका पायावर उभा राहतो, ही त्याची शरीराची सवय. पण कलकलेबाईंनी हेरलं, की कोरडपूरला महादूत उजव्या पायावर उभे होते. म्हणजे डावा उचलला होता. डालग्यावरून पाहिलं तर डाव्या हाताला ओलपूर. म्हणजे ओलपूरच्या बाजूला पाय टेकायचीही त्यांची तयारी नाही! ही बातमी गेल्यावर महादूत दुसऱ्या दिवशी डाव्या पायावर उभे राहिले. तिसऱ्या दिवशी बोलता बोलता पाय बदलू लागले. 'सन्माननीय' उजव्यावर, 'तोडगा' डाव्यावर, अशी त्यांची तारांबळ उडाली. एका भाषणात तर दोन्ही पाय एकदमच उचलले गेले आणि महादूत 'स्थैर्य' हा शब्द उच्चारता उच्चारता डालग्यावरून घरंगळले. दोन्ही राज्यं मिळून हसली. ओलपूरचं हसणं वरपर्यंत ऐकू आलं, कोरडपूरचं खालपर्यंत. पण हे शांततेचं लक्षण आहे असं कुणी नोंदवलं नाही.

अखेर बरीच ये-जा झाल्यावर तह ठरला. टेकडी दोघांचीही नाही. दोन्ही राज्यांनी ती रिकामी करावी. तिच्यावर कुणीही बसू नये, उकरू नये, घालू नये. तहाचं कलम सागाच्या एका मोठ्या पानावर टोचून काढलं गेलं आणि महादूत दोन शब्द बोलले, "आज दोन्ही बाजूंनी असामान्य धैर्य दाखवलं आहे. आता फक्त एक किरकोळ मुद्दा शिल्लक आहे."

किरकोळ मुद्दा टेकडीवर बसलेला होता.

तुरेराव म्हणाले, "कोंबडी आमची आहे, आम्ही उतरवू. पण आधी त्यांनी आपली अंडी न्यावीत."

फेंगडोजी म्हणाले, "अंडी आमची आहेत, आम्ही नेऊ. पण आधी त्यांनी आपली कोंबडी उचलावी."

ह्यावर काही दिवस चांगलीच गंभीर चर्चा झाली. शेवटी महादूतांनी जाहीर केलं, की ते स्वतः टेकडीवर जाऊन मुद्द्याची समजूत काढतील आणि त्याच दुपारी टेकडीच्या माथ्यावरून शांततेची हाक देतील. एवढ्या दौऱ्यात ते त्या टेकडीवर एकदाही गेले नव्हते. तिच्याविषयीच सगळं चाललं होतं, त्यामुळे तिथं जायची गरज पडली नव्हती.

सकाळचा वारा बोचरा होता. महादूत तहाचं पान चोचीत धरून, पाय उचलून उचलून टाकत वर चढले.

"उतर म्हणायला आलात ना?" चितरीनं डोळे न उघडताच विचारलं.

महादूतांनी पान खाली ठेवलं. "विनंती करायला आलो आहे. दोन्ही राज्यांच्या व्यापक हिताच्या दृष्टीनं..."

"पाव्हणं, जरा हळू. आतली जागी हुतील."

महादूतांनी इकडेतिकडे पाहिलं. "कोण आतली?"

"माझ्या पोटाखालची. आता बोलायला लागलीयत. आज-उद्यात बाहेर येतील."

"ताई, आज दुपारी समारंभ आहे."

"मग समारंभाला म्हणावं, चार दिवसांनी ये."

महादूतांनी घसा साफ केला. त्यांच्या खात्यात असल्या उत्तराला नवा प्रस्ताव म्हणत. "तहानुसार ही अंडी ओलपूरनं ताब्यात घ्यायची आहेत."

"घेऊन काय करणार? त्यांच्यात एकाला तरी बसता येतं का? सगळी जात पाण्यात शेपट्या हलवत फिरणारी." चितरीनं एक डोळा उघडला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खालपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. "तुम्हाला तरी येतं का बसायला?"

"आम्ही बसत नाही. आमचं काम उभ्यानं चालतं."

"दिसतंयच. पोटाचं एक पीस झिजलेलं नाही. बायको बसत असंल घरी."

महादूतांनी तहाचं पान उचलून पुन्हा खाली ठेवलं. 

"असं करा," चितरी म्हणाली, "माझ्या घशाला कोरड पडलीय. कालपासून दाणा नाही पोटात. मी खाली जाऊन दोन दाणे टिपते, घोटभर पाणी पिते आणि येते. तवर तुम्ही बसा. आल्यावर तुमचं सगळं ऐकून घेते. शेवटपातुर."

महादूतांनी मान पुढे केली. आजवर अनेक राज्यांत ते बोलले होते, पण त्यांचं शेवटपर्यंत कुणीच ऐकलेलं नव्हतं. साळुंक्यासुद्धा अर्ध्यातच उडत.

"शेवटपर्यंत?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मधी एक शब्द बोलणार नाही. बसा."

मग महादूत बसू लागले. ते पाहण्यासारखं होतं. आधी उजवा पाय दुमडला, तर डावा ताठ राहिला. डावा दुमडला, तर उजवा आपोआप उलगडला. एकदा दोन्ही पाय मागे गेले आणि चोच पुढे उकिरड्यात रुतली. एकदा ते बसले आहेत असं दोघांनाही वाटलं, तर ते वाऱ्यानं नुसते कलले होते. चितरी हसून हसून ठसके देऊ लागली. शेवटी तिनं त्यांच्या गुडघ्यांवर चोचीनं टोचून टोचून त्यांची नीट घडी घातली, सागाचं पान वाऱ्याच्या बाजूला खोचून दिलं आणि पोटाची पिसं सारखी केली.

"आतून टकटक आली तर ओ द्यायची," ती म्हणाली. "बारीक आवाजात. कुर्र, कुर्र, अशी. मोठ्यानं नाही, भितील. आणि उठायचं नाही. ह्या वाऱ्यात क्षणभर उघडी पडली तरी गेली."

"कुर्र," महादूतांनी उच्चारून पाहिलं.

"भाषण नको. कुर्र."

आणि ती धावत उतरली.

ती पाणवठ्यावर पोचली तोच कोरडपूरच्या पहारेकऱ्यांनी तिला धरलं. तिची चोच अजून ओलीही झाली नव्हती. तुरेराव डालग्यावर चढले आणि साळुंक्यांसमोर त्यांनी दोन शब्द टाकले, "कोरडपूरनं आपला शब्द पाळला आहे. आमची कोंबडी टेकडीवरून उतरली!"

"सोडा रे मला," चितरी ओरडत होती. "पाव्हण्याला बसवून आलेय! त्याला जमणार नाही ते!"

पण जल्लोषात तिचं कुणी ऐकलं नाही. पहारेकऱ्यांनी तिच्या दोन्ही बाजूंनी पंख टाकून तिला मध्ये दाबून धरलं.

बातमी ओलपूरला गेली. फेंगडोजी धोंड्यावर उभे राहिले. "आता आमची पाळी. दुपारी महादूत शांततेची हाक देऊन उतरतील, त्या क्षणी आपले जवान अंडी ताब्यात घेतील आणि वाजतगाजत आपल्या मातृभूमीत परत आणतील."

"मातृभूमी म्हणजे नेमकी कुठे?" कलकलेबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? तळ्यात!"

हे सगळं टेकडीवर ऐकू येत होतं. महादूत मान ताठ करून बसले होते. आपण घडवलेल्या तहाचा उच्चार दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांची पहिलीच वेळ होती. त्यांनी एकदा खालच्या तळ्याकडे पाहिलं. काठाशी पाण्यावर धुकं होतं आणि ते फार गार दिसत होतं.

तेवढ्यात पोटाखाली टकटक झाली.

महादूत दचकले. आयुष्यात त्यांनी अनेक निरोप ऐकले होते, पण असा थेट पोटाला आलेला पहिलाच. त्यांनी आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं आणि अगदी हळू म्हटलं, "कुर्र."

आत क्षणभर शांतता. मग दुप्पट टकटक.

महादूतांच्या डोळ्यांमागची झुलपं उभी राहिली. आजवर त्यांच्या कोणत्याही वाक्याचं एवढं स्वागत झालं नव्हतं.

दुपार झाली. टेकडीच्या एका उतारावर कोरडपूर जमलं, दुसऱ्या उतारावर ओलपूर. साळुंक्या वरच्या वर घिरट्या घालू लागल्या. कलकलेबाई माथ्याजवळच्या काटकीवर उतरल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "महादूत, दोन शब्द!"

सवयीनं महादूतांनी मान वर केली, छाती फुगवली, चोच उघडली. पण करकोच्याचा आवाज छातीतून निघतो, आणि छाती उचलली तशी पोटाखालून वाऱ्याची एक सळसळीत रेघ आत गेली. टकटक थांबली. महादूतांनी चोच मिटली आणि घाईघाईनं अंग खाली दाबलं. ते वाट पाहत राहिले. त्यांच्या कपाळावरचं पीस न् पीस त्या टकटकीची वाट पाहत होतं. बऱ्याच वेळानं ती पुन्हा आली, पण बारीक.

त्यानंतर महादूत बोललेच नाहीत.

"दोन शब्द, महादूत! निदान एक!"

काही नाही.

कलकलेबाईंनी वाकून पाहिलं आणि किंचाळल्या, "पाय दिसत नाहीत! महादूत कोणत्याच पायावर उभे नाहीत!"

असा हाहाकार त्या मुलखानं कधी पाहिला नव्हता. उजवा पाय असता तर समजून घेता आलं असतं. डावा असता तर निषेध करता आला असता. काहीच नाही म्हणजे काय? कोरडपूरच्या जाणकारांनी सांगितलं, तो बदकांच्या अंड्यांवर बसलाय, म्हणजे ओलपूरला मिळालेला आहे. ओलपूरच्या जाणकारांनी सांगितलं, तो कोंबडीचं काम करतोय, म्हणजे कोरडपूरनं त्याला फोडलाय. दोघेही जाणकार आपापल्या उतारावरून एवढ्या मोठ्यानं बोलत होते, की दोघांचंही एकमेकांना स्पष्ट ऐकू गेलं, आणि तिथे पहिली गडबड झाली.

"अहो तुरेराव," फेंगडोजींनी उतारावरून हाक मारली. "तुम्ही फोडलेला नाही त्याला?"

"मी कशाला फोडू?" तुरेराव तिकडून म्हणाले. "तुमचाच ना तो?"

"आमचा असता तर उठला असता!"

"मग उठत का नाही?"

"तेच विचारतोय मी तुम्हाला!"

दोन्ही प्रमुख एकमेकांशी बोलत होते, मध्ये कुणी नव्हतं, आणि हे अजून त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. बोलता बोलता तुरेराव इकडून चढू लागले, फेंगडोजी तिकडून. फेंगडोजींना चढण जमेना. ते दोन पावलं चढत आणि एक घसरत. "हात द्या जरा," ते म्हणाले. "हात कुठून देऊ," तुरेराव म्हणाले, आणि पंख दिला. मागोमाग दोन्हीकडच्या फौजाही वर सरकल्या, कारण प्रमुखांच्या मागे सरकणं एवढंच त्यांना शिकवलेलं होतं.

माथ्यावर वारा आता चाबकासारखा लागत होता. तुरेराव पुढे झाले. "उठा, महादूत. तह तुमचाच आहे."

महादूतांनी मान हलवली. नाही.

"धरून उठवा," फेंगडोजी म्हणाले. "तुम्ही त्या बाजूनं, मी ह्या बाजूनं."

दोघांनी चोची पुढे केल्या. ओलपूरची सगळी फौज अंडी न्यायला ओळीनं उभी राहिली, पदकं लखलखत. महादूतांनी डोळे मिटले. त्यांच्याजवळ आता खुलासा नव्हता, आवाहन नव्हतं, असामान्य धैर्य नव्हतं. पोटाखाली भेदरलेली टकटक सुरू झाली, एका अंड्यातून, मग सगळ्यांतून. महादूतांनी मान खाली घातली आणि आतल्यांना ओ दिली.

"कुर्र."

फेंगडोजींची चोच हवेत थांबली.

"कुर्र, कुर्र."

ओलपूरच्या ओळीत काहीतरी झालं. एका थोराड हवालदाराच्या शेपटीत थरथर आली. दुसऱ्यानं नकळत मान आखडून घेतली. जुनी जुनी बदकं, ज्यांनी कितीदा तरी चिखल उडवून युद्धं जिंकली होती, ती डोळे बारीक करून इकडेतिकडे काहीतरी शोधू लागली. थंडी फार होती आणि तो आवाज त्यांनी अंड्यात असताना ऐकलेला होता.

"कुर्र," महादूत म्हणाले.

आणि ओळ फुटली. सबंध ओलपूर माथ्याकडे धावलं, पण महादूतांच्या पोटाखाली जागा नव्हती. मग ज्याला जो पंख मिळाला, तो त्यात घुसला. कोरडपूरच्या कोंबड्या ओरडल्या, "अरे काय हे! अहो शत्रूसाहेब! गुदगुल्या होतात!" पण त्यांचे पंख मात्र त्यांना न विचारताच पसरले होते आणि अंगं खाली बसत होती. ज्यांनी जन्मात रवण केलं नव्हतं त्या कोवळ्या तलंगासुद्धा दोन-दोन हवालदार पोटाखाली घेऊन बसल्या. वर पंख न मिळालेली बदकं पार पाणवठ्यावरच्या पहारेकऱ्यांच्या पंखांखाली शिरली, तसा त्यांना चितरीला दाबून धरायला पंखच उरला नाही. ती निसटली आणि घोटभर पाणी पिऊन धापा टाकत वर आली.

"सरका, पाव्हणं," ती म्हणाली. "आले मी."

महादूतांनी डोळे उघडले नाहीत. "जरा थांबा," ते कुजबुजले. "आतून बोलतायत."

चितरीनं वाकून त्यांच्या पोटाशी कान लावला. एका अंड्याचं टरफल तडकलं होतं आणि त्यातून एक चपटी, ओली चोच बाहेर आली होती.  ती त्यांच्या शेजारीच, वाऱ्याच्या बाजूला, अंग टेकून बसली.

"तुमचं भाषण राहिलंय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "शेवटपातुर ऐकीन म्हटलं होतं."

महादूतांनी अंग आणखी थोडं खाली दाबलं.

काटकीवर एकट्या कलकलेबाई उरल्या होत्या. खाली नेण्याजोगं काहीतरी हवं, म्हणून त्यांनी चोच पुढे केली. पण वारा त्यांनाही लागत होता आणि त्यांचा आवाज जरा कापरा झाला. "महादूत," त्या म्हणाल्या, "दोन शब्द?"

"कुर्र, कुर्र," महादूत म्हणाले.

कलकलेबाई काटकीवरून एक उडी जवळ आल्या. मग अजून एक.

आणि माथ्याच्या त्या कडेला तुरेराव आरवे तुरा ताठ करून, समोर कुठेतरी लांब बघत, काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं बसले होते. त्यांच्या उजव्या पंखाखालून शिंपल्याच्या पदकाची दोरी लोंबत होती, आणि तिच्या शेजारी बाहेर राहिलेलं एक चपटं, फेंगडं पाऊल हळूहळू आत ओढलं जात होतं.